सामडिनिका: मावळातल्या एका नावाचा माग

बेडशाच्या लेण्यात पोचलेला माणूस आधी वर पाहतो. चैत्याच्या दारातले उंच खांब, त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी नजर ओढून घेतात. शेजारच्या पाण्याच्या टाक्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेल्या ओळी मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाहीत. त्या ओळींत एका बाईचं नाव आहे: सामडिनिका. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिनं हे टाकं दान दिलं. आज मावळात, महाराष्ट्रात किंवा आणखी कुठं या नावाची मुलगी शोधून सापडणं कठीण.

तळेगाव दाभाड्याजवळचं, इंद्रायणीकाठचं आंबी हे गाव इथून फार लांब नाही. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परतता येतं. औद्योगिक वसाहत आली, महाविद्यालयं आली, आणि आंबीच्या आसपास चार जिल्ह्यांतली कुटुंबं राहायला आली. अशा घरांत मुलगी जन्मली की बारशाआधी एकच शोध सुरू होतो. नाव वेगळं हवं, वर्गात दुसऱ्या कुणाचं नसलेलं हवं, आणि त्याला अर्थही हवा. मग मोबाइलवर याद्या उघडतात. एका यादीत ‘लक्ष्मीचं नाव’, दुसरीत त्याच नावाचा अर्थ ‘पहाट’, तिसरीत ‘दुर्गेचं रूप’. आत्यानं कानात सांगायचं नाव ठरतं खरं, पण ते आलं कुठून, हे घरातल्या कुणालाच माहीत नसतं.

दुर्मिळ नावाचं मूळ शोधणं अवघड असलं तरी अशक्य नाही. त्याची रीत शिकायची तर सामडिनिकेपासून सुरुवात करावी, कारण या एका नावात शोधाचे जवळजवळ सगळे टप्पे येतात.

पहिला टप्पा म्हणजे नाव नेमकं कुठं संपतं ते ओळखणं. शिलालेखात ‘सामडिनिकाय’ असं कोरलं आहे. शेवटचं ‘य’ नावाचा भाग नाही, तो विभक्तीचा प्रत्यय आहे. ‘सामडिनिकेचं’ दान, असा त्याचा अर्थ. आपण ‘सुमनचं घर’ म्हणतो तेव्हा ‘सुमनचं’ हे नाव नसतं, तसंच हे. लेण्यांच्या माहितीपत्रकांतून किंवा घाईत लिहिलेल्या पुस्तकांतून नाव उचलताना इथंच चूक होते, आणि प्रत्ययासकट आलेलं रूप नाव म्हणून मुलीला चिकटतं. एखादं नाव ग्रंथातून घ्यायचं असेल तर त्याची मूळ विभक्ती सुटली आहे ना, हे संस्कृत किंवा प्राकृत जाणणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यावं. त्याला पाच मिनिटं पुरतात.

दुसरा टप्पा म्हणजे पदवी, कुळ आणि स्वतःचं नाव वेगळं करणं. बेडशाच्या लेखात या बाईची ओळख चार शब्दांत दिली आहे. ती महाभोजाची मुलगी, म्हणजे कोकणच्या बाजूला सत्ता असलेल्या घराण्यातली. ती मांदवी, म्हणजे मांदव कुळातली. ती महारठिनी, म्हणजे महारठी या मोठ्या अधिकाऱ्याच्या घरातली. आणि ती आपदेवणकाची ‘बितियिका’, म्हणजे द्वितीयिका, सहचारिणी. या सगळ्यातून तिचं स्वतःचं नाव तेवढं सामडिनिका. महाभोज आणि मांदव ही नावं रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यातही येतात, त्यामुळे तिचं माहेर कुठल्या मुलखातलं असावं याचा अंदाज बांधता येतो. घाटाखालची मुलगी घाटावर, मावळात नांदायला आली आणि तिथं तिनं वाटसरूंसाठी, भिक्षूंसाठी पाण्याची सोय केली. नावाचा अर्थ लागायच्या आधीच त्या नावाचं माणूस असं समोर उभं राहतं. शोधातली ही सर्वांत मोलाची कमाई आहे, आणि नावांच्या कुठल्याही यादीत ती मिळत नाही.

तिसरा टप्पा अर्थाचा, आणि इथंच सर्वांत जास्त सांभाळावं लागतं. प्राकृतात ‘दिण्ण’ म्हणजे दिलेला, संस्कृतातला ‘दत्त’. ‘साम’ हे ‘श्याम’चं प्राकृत रूप होऊ शकतं. मग सामडिनिका म्हणजे श्यामदत्ता, अशी फोड सुचते. ती मोहक आहे. पण लेखात ‘द’ नसून ‘ड’ आहे, आणि ‘साम’च्या जागी ‘स्वामी’पासून आलेलं ‘सामि’ही मनात येतं. म्हणून प्रामाणिक माणसानं ‘श्यामदत्ता, बहुधा’ एवढंच लिहावं. दुर्मिळ नावाच्या बाबतीत ‘बहुधा’ लिहायची लाज वाटू नये. उलट जिथं प्रत्येक नावाचा अर्थ छातीठोकपणे दिलेला असतो, त्या यादीवर विश्वास कमी ठेवावा.

चौथा टप्पा म्हणजे नावाची भावंडं शोधणं. एकटं नाव मुकं असतं, पण त्याच्यासारखी दोन-चार शेजारी मांडली की बोलू लागतं. सामडिनिकेच्या शेवटी ‘णिका’सारखा जो तुकडा आहे, तो या डोंगररांगांत पुन्हापुन्हा भेटतो. देहूरोड आणि तळेगावच्या मधल्या शेलारवाडीच्या लेण्यांत, म्हणजे लोक ज्याला घोरवडेश्वराचा डोंगर म्हणतात तिथं, धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या शेतकरी कुटुंबप्रमुखाच्या बायकोचं दान कोरलं आहे. तिचं नाव सिअगुतणिका. मुलगा नंद याच्यासह तिनं लेणं दिलं. ‘गुत’ म्हणजे गुप्त, रक्षिलेली. पुढचं ‘सिअ’ श्रीकडे नेतं किंवा शिवाकडे. शेवटी पुन्हा तेच, ‘णिका’. पुरुषांच्या नावांत त्याचा जोडीदार ‘णक’: उसभणक, आपदेवणक. कार्ल्याच्या चैत्यासमोरचा सिंहस्तंभ ज्यानं दिला तो महारठी अगिमित्रणक. बेडशाच्या लेण्यात दान देणारा नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक. म्हणजे ‘णक’ आणि ‘णिका’ हा त्या काळच्या पश्चिम महाराष्ट्रातला नावाला जोडायचा तुकडा होता, जसा आपल्याकडे ‘राव’ आणि ‘बाई’ आहे. हे एकदा कळलं की सामडिनिकेतून तो बाजूला काढता येतो आणि आतलं मूळ नाव दिसू लागतं.

याच ओळीतलं सर्वांत मोठं नाव जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. सातवाहन राजा सातकर्णी आणि त्याची राणी यांचे पुतळे तिथल्या लेण्यात कोरले होते. आज पावलांचे अवशेष आणि वरची नावं तेवढी उरली आहेत. राणीचं नाव तिथं ‘नायनिका’ असं आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून ते नागनिका म्हणून रूढ झालं. अलीकडे काही आईवडील अभिमानानं ही दोन्ही रूपं मुलींना देतात, आणि ते छानच आहे. पण याद्यांत नायनिकेचा अर्थ ‘सुंदर डोळ्यांची’ असा दिलेला आढळतो. ‘नयन’शी सारखेपणा पाहून कुणीतरी तो जुळवला आहे. नाणेघाटच्या राणीच्या नावात डोळे नाहीत, नाग आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळून तिथं ‘य’ येतो, म्हणून नागचा नाय झाला. ज्या मुलीचं नाव नाणेघाटावरून ठेवलं, तिला मोठेपणी कुणी अर्थ विचारला तर तिनं डोळ्यांचा अर्थ सांगू नये. तिच्या नावामागे महारठी घराण्यातून आलेली, यज्ञांची आणि दक्षिणांची मोजदाद दगडात कोरून ठेवणारी राणी आहे.

ध्वनी सारखा म्हणून अर्थ सारखा, ही नावाच्या शोधातली सर्वांत जुनी चूक आहे. भाजे लेण्यात एक छोटा लेख आहे. हालिकाच्या, म्हणजे नांगरधाऱ्याच्या बायकोनं दिलेलं दान. तिचं नाव बाधा. आजच्या मराठीत बाधा म्हटलं की भूतबाधा आणि विषबाधा आठवते. त्या काळी कुठलीच आई मुलीला अशा अर्थानं हाक मारत नसणार, हे उघड आहे. शब्द दोन हजार वर्षं चालतात तेव्हा वाटेत त्यांचे अर्थ बदलतात, दोन वेगळे शब्द झिजून एकसारखे होतात. एका शेतकऱ्याच्या घरातल्या बाईनं दिलेल्या दानाची नोंद महारठींच्या दानांबरोबर राहिली, हे त्या लेखाचं मोठेपण. तरीही मुलीला हे नाव देऊ नये. मूळ कितीही आदरणीय असलं तरी मुलगी आजच्या शाळेत, आजच्या भाषेत वाढणार आहे. दुर्मिळ नाव निवडताना जुना अर्थ तपासावा तसा आजचा अर्थही तपासावा, आणि तो फक्त मराठीत नाही. पुण्यात वाढणाऱ्या मुलीच्या वर्गात हिंदी, कन्नड, गुजराती, तेलुगू बोलणारी मुलं असतात. त्या भाषांत नाव कसं ऐकू येतं, हे शेजाऱ्यांना विचारायला काहीच हरकत नाही.

भायिला हे नाव उलट धडा देतं. कार्ल्याला महादेवणक नावाच्या गृहपतीच्या आईचं ते नाव. कुड्याच्या लेण्यात आयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाच्या पत्नीचंही तेच. घाटावर एक, घाटाखाली एक. म्हणजे हे एखाद्याच घरानं घडवलेलं नाव नव्हतं, त्या काळच्या बायकांत ते चालत होतं. एखादं नाव दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या घरांत सापडलं तर ते खरोखर वापरातलं नाव होतं असं धरता येतं. एकाच ठिकाणी सापडलं तर वाचनातली चूकही असू शकते, कारण दगड झिजतो आणि अक्षरं फसवतात.

हे सगळं वाचायला कुठं मिळतं? लेण्यांतल्या लेखांसाठी जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांचं १८८१ सालचं इंग्रजी पुस्तक आजही हाताशी घेतात. मराठीत वासुदेव विष्णु मिराशी यांचं ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ हे पुस्तक सर्वांत सोयीचं आहे. त्यात लेखाचा पाठ, अर्थ आणि चर्चा एकत्र मिळते. यादवकाळातल्या नावांसाठी शं. गो. तुळपुळे यांचं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ पाहावं. पुराणातलं नाव असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश उघडावा. त्यात नाव कुठल्या ग्रंथात, कुणाच्या संदर्भात आलं ते दिलेलं असतं. रोजच्या बोलीतल्या शब्दावरून नाव आलं असेल तर मोल्सवर्थचा शब्दकोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ हे तीन एकापुढे एक पाहावेत. मोल्सवर्थची पहिली आवृत्ती १८३१ ची असल्यानं, पुढं बोलण्यातून गेलेले कितीतरी शब्द त्यात शाबूत आहेत. पुण्यात भांडारकर संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ, दोन्हीकडे ग्रंथालयं आहेत. तळेगावहून लोकलनं शिवाजीनगर गाठलं की दिवसभरात बरंच काम होतं.

लीळाचरित्रातल्या बायकांची नावं हा वेगळाच ठेवा आहे. महदाइसा, आबाइसा, उमाइसा, देमाइसा. शेवटचं ‘आइसा’ आदराचं. चक्रधरांच्या परिवारातल्या या बायका प्रश्न विचारतात, वाद घालतात, आणि महदाइसा तर मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री. ‘देमा’, ‘महदा’ अशी मूळ रूपं आज ऐकली तर कुणी नव्या फॅशनची म्हणेल. ती तेराव्या शतकातली आहेत.

पण सगळ्या दुर्मिळ नावांचं मूळ दगडात किंवा पोथीत नसतं. मावळातली कितीतरी नावं देवीच्या आणि नदीच्या अंगानं आली. कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशीच एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी बांधव मुंबई-रायगडाहून चैत्रात पालखी घेऊन येतात. तरी मुलीचं नाव एकवीरा ठेवलेलं फार थोड्या घरांत आढळतं. हे नाव रेणुकेशी जोडतात आणि त्याची उकल दोन प्रकारे होते. ज्याला तोड नाही असा एकच वीर, परशुराम, ज्या आईचा आहे ती एकवीरा. किंवा जी स्वतःच एकमेव वीर आहे ती. व्याकरणाला दोन्ही चालतात. पहिल्यात तिचं मोठेपण मुलामुळे येतं, दुसऱ्यात तिचं स्वतःचं असतं. मुलीचं नाव ठेवताना आईवडिलांनी दुसरी उकल धरली तर त्यात गैर काही नाही. दोन्ही उकली तिला सांगाव्यात, म्हणजे निवड तिचीही होईल.

इंद्रायणी हे नावही आज बायकांत कमी ऐकू येतं. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावून, आंबीवरून, देहू-आळंदीवरून ही नदी तुळापूरला भीमेला मिळते. महाराष्ट्रात नदीचं नाव मुलीला देण्याची रीत जुनी. गोदा, कृष्णा, भागीरथी, चंद्रभागा, भीमा. डॉ. आंबेडकरांच्या आईचं नाव भीमाबाई होतं. आंबीच्या मुलीला इंद्रायणी हे नाव दिलं तर त्याचा अर्थ शब्दकोशात शोधायची गरजच पडत नाही. घराच्या मागं वाहणारं पाणी हाच तो.

आता घरातल्या शोधाकडे. ज्या बाईचं नाव दुर्मिळ आहे आणि जिला ते कुठून आलं हे हवं आहे, तिनं पुस्तकांआधी घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला गाठावं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची पद्धत अनेक घरांत होती, अजून काही घरांत आहे. त्यामुळे आजीचं एक नाव सासरचं आणि एक माहेरचं. सासरचं नाव कागदांवर राहतं, माहेरचं तिच्याबरोबर जातं. ज्या नातीला आजीचं नाव ठेवायचं आहे तिनं आधी विचारावं, कुठलं नाव. आणि हाक मारायचं रूप वेगळं असू शकतं हेही ध्यानात ठेवावं. सरू ही सरस्वती असते, गोदी ही गोदावरी, रखमा ही रुक्मिणी. रखमा या रूपाचा अर्थ संस्कृत कोशात शोधणारा दमेल आणि हाती काही लागणार नाही, कारण ते रूप रुक्मिणी-रखुमाई-रखमा असं विठ्ठलाच्या देवळातून चालत आलेलं आहे.

आजी हयात नसेल तर कागद बोलतात. गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना गाव नमुना चौदा किंवा कोतवाल बुक म्हणतात, त्या तहसील कचेरीत असतात आणि जुन्या काळच्या बऱ्याच मोडीत आहेत. प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर, वारसाच्या फेरफार नोंदी, त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, या चारही ठिकाणी नाव वेगवेगळ्या रूपांत मिळतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत. म्हणून मोडी वाचणाऱ्या माणसाकडून नोंदीची पूर्ण ओळ उतरवून घ्यावी, नुसतं नाव नको. शेजारच्या नोंदींतल्या नावांवरून अर्धा उलगडा होतो, बेडशाला झाला तसाच.

या शोधात कधी कधी दुखरी गोष्ट हाती लागते. धोंडी, भिका अशी नावं मूल जगावं म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली असत. आधीची मुलं गेलेल्या आईची भीती त्या नावात आहे, प्रेमही आहे. नकुशी हे नाव मात्र वेगळं. मुलगाच हवा असलेल्या घरात आलेल्या मुलीला ते मिळे. सातारा जिल्हा परिषदेनं ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींची नावं समारंभपूर्वक बदलली आणि मुलींनी आपली नवी नावं स्वतः निवडली. घराण्याच्या वहीत असं नाव सापडलं तर ते लपवू नये. त्या बाईनं त्या नावासह आयुष्य काढलं, घर उभं केलं. तिची आठवण नातीला द्यायची असेल तर तिचं माहेर, तिचं गाव, तिला आवडलेलं फूल यातून दुसरं नाव घडवता येतं.

बारशाच्या घाईत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो जन्माक्षरानं. पंचांगातल्या चक्रात प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरं दिलेली असतात. आर्द्राला कु, घ, ङ, छ. हस्ताला पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदेला दू, थ, झ, ञ. ङ, ण, ञ यांनी सुरू होणारी नावं संस्कृतात आणि मराठीत वापरात नाहीत. मग यादीतून काहीतरी घडवलेलं नाव उचललं जातं आणि त्याला देवीचा अर्थ चिकटवला जातो. जुनी रीत साधी होती. जन्मनाव पत्रिकेपुरतं ठेवायचं आणि व्यवहाराचं नाव वेगळं. ती आजही चालते. अक्षरासाठी अर्थहीन नाव मुलीच्या गळ्यात घालण्यापेक्षा पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहू द्यावं.

परभाषेतून आलेल्या नावाला संस्कृतचा खोटा दाखला देऊ नये, हेही इथंच सांगायला हवं. मायरा हे नाव सध्या घरोघरी आहे आणि त्याचा अर्थ ‘प्रिय’ असा संस्कृत म्हणून सांगतात. ते नाव इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिल यानं सोळाव्या शतकात आपल्या कवितांसाठी योजलं. नाव गोड आहे, ठेवायला काहीच अडचण नाही. फक्त मुलीला खरी गोष्ट सांगावी. इरा हे मात्र खरोखर संस्कृत कोशात आहे, पृथ्वी, जल, वाणी अशा अर्थांनी. दोन्ही नावं छोटी, दोन्ही आधुनिक वाटणारी. कोश उघडल्याशिवाय फरक कळत नाही.

आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची एक समिती आहे. नवं नाव तिथल्या भाषेच्या व्याकरणात बसतं का, हे ती तपासते. आपल्याकडे असं काही नाही आणि नसलेलंच बरं, पण त्यामुळे तपासाचं काम घरावर येतं.

नाव ठरलं की नोंद. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत. त्या वेळी नाव ठरलं नसेल तरी नोंद अडत नाही. बाळाचं नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. म्हणून दुर्मिळ नावाचा शोध चालू असेल तर बाराव्या दिवसाची सक्ती मानू नये. बारसं घरगुती नावानं करावं आणि कागदावरचं नाव दोन महिन्यांनी द्यावं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे, त्यामुळे त्यावरचं अक्षर न अक्षर महत्त्वाचं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आधी मुलीचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशी मांडणी आहे. मावळाला आईचं नाव आधी लावणं नवं नाही. भाज्याला पाण्याचं टाकं देणारा महारठी स्वतःला कोसिकीपुत विण्हुदत म्हणवतो. कार्ल्याचा अगिमित्रणक गोतीपुत आहे.

दुर्मिळ नावाला खरा त्रास इंग्रजी स्पेलिंग देतं. रोमन लिपीत ड आणि द, ण आणि न, ट आणि त वेगळे राहत नाहीत. सामडिनिका तिथं सामदिनिका होते, आणि तिथून परत देवनागरीत येताना समदिनिका. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही रूपं आईवडिलांनी स्वतः सुवाच्य लिहून द्यावीत. कारकुनाला तोंडी सांगू नये. जे स्पेलिंग दाखल्यावर आलं तेच आधार, लसीकरण पत्रिका आणि शाळेत अक्षरशः तसंच वापरावं. एका जादा ‘ए’साठी पुढं राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्यावी लागते. नाव निवडतानाच एक चाचणी घ्यावी: ते चार अनोळखी माणसांना फोनवर सांगावं आणि त्यांनी काय लिहून घेतलं ते पाहावं. चौघांपैकी तिघांनी चुकीचं लिहिलं तर नाव सोडायचं नाही, पण लहान रूप आधीच ठरवून ठेवायचं. नागनिकेला नागा म्हणायचं की निका, हे घरानं ठरवलं नाही तर शाळा ठरवते.

आणि बेडशाला एकदा जाऊन यावं. लेणं पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळचं तिरपं ऊन सर्वांत चांगलं. अशा उनात कोरलेल्या अक्षराच्या कडांना सावली पडते आणि ते उठून दिसतं. पाऊस सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात वाट सोपी असते. अक्षरं दिसावीत म्हणून त्यांवर खडू, तेल किंवा पाणी घासू नये. लेणी संरक्षित स्मारकं आहेत आणि खडूच्या प्रत्येक रेघेबरोबर दगडाचा थोडा भाग जातो. फोटो तीन-चार कोनांतून घ्यावेत, घरी येऊन मिराशींच्या पुस्तकातल्या पाठाशेजारी ठेवावेत. मग एका कागदावर मुलीच्या नावाची नोंद करावी: नाव कुठं सापडलं, कुठल्या रूपात, कुणाचं होतं, अर्थ निश्चित की ‘बहुधा’, घरात ते कुणी सुचवलं, दुसरी कुठली नावं विचारात होती. खाली तारीख आणि लिहिणाऱ्याची सही. तो कागद जन्मदाखल्याच्या फाइलमध्येच ठेवावा, म्हणजे मुलगी दहावीचा फॉर्म भरताना ती फाइल उघडेल तेव्हा तिला तो आपोआप सापडेल.